लॅपटॉपसाठी मॉनिटर निवडताना: पोर्ट, केबल, अक्षरं आणि टेबल

मॉनिटर घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'किती इंची पाहिजे?' या प्रश्नाचं उत्तर द्यायची घाई करू नका. आधी लॅपटॉपच्या कडेची पोर्टं बघा, कारण मॉनिटर कितीही भारी असला तरी पोर्टातून जेवढं चित्र बाहेर पडेल तेवढंच त्याच्यावर दिसणार. फोर-के मॉनिटर घेतला आणि माउसचा बाण अडखळत, उड्या मारत चालतोय, ही तक्रार फार वेळा ऐकू येते. अशा वेळी मॉनिटर बहुधा ठणठणीत असतो. लॅपटॉपचं पोर्ट, केबल किंवा मधला हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी) यांपैकी काहीतरी कमी पडल्यामुळे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलत असतं.

लॅपटॉपमधून काय बाहेर पडतं ते आधी शोधा

लॅपटॉप बंद करून उलटा करा आणि खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. नुसतं 'इन्स्पिरॉन १५' किंवा 'आयडियापॅड स्लिम ३' एवढ्यावर भागत नाही. एकाच नावाखाली वेगवेगळ्या पोर्टांची बरीच मॉडेलं विकली जातात. कंपनीच्या संकेतस्थळावर सपोर्ट विभागात तो नंबर टाकून स्पेसिफिकेशन्सचं पान उघडा. तिथे दोन गोष्टी शोधायच्या: एचडीएमआयची आवृत्ती कोणती आहे, आणि यूएसबी-सी पोर्टाच्या वर्णनात 'डिस्प्लेपोर्ट' (मॉनिटरला चित्र पाठवायची एक पद्धत) हा शब्द आहे का.

एचडीएमआय १.४ असेल, आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये अजूनही पुष्कळदा तेच असतं, तर फुल एचडी आणि क्यूएचडी म्हणजे २५६० × १४४० हे ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, व्यवस्थित चालतात. फोर-के मात्र ३० हर्ट्झवरच थांबतं. हिशेब सरळ आहे. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, जवळजवळ ८३ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली तर दर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट माहिती जायला हवी. एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्षात ८ गिगाबिटच्या आसपासच जाते. क्यूएचडीला ५.३ गिगाबिट लागतात, म्हणून ते आरामात बसतं. एचडीएमआय २.० मधून फोर-के ६० हर्ट्झवर चालतं. पुढे '२.१' असं छापलेलं दिसलं तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा २.० एवढ्याच क्षमतेच्या पोर्टावरही लावलेला सापडतो. 'फोर-के, १२० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ते धरायचं.

यूएसबी-सीचा घोळ याहून मोठा आहे. भोकाचा आकार सारखा, पण आतली सोय तीन प्रकारची असते. काही पोर्टांतून फक्त फाइली जातात, फार तर चार्जिंग होतं. तिथे मॉनिटर लावला तर काहीही दिसणार नाही आणि कुठल्याही अ‍ॅडाप्टरने ते बदलत नाही, एक डिस्प्लेलिंकचा अपवाद सोडून (तो पुढे येतोच). काहींत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड असतो, म्हणजे त्यांतून चित्रही जातं. तिसरा प्रकार थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४चा, त्यांतूनही चित्र जातं. पोर्टाशेजारी विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट. इंग्रजी डी आणि पी एकत्र गुंफल्यासारखं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्ट. चिन्ह नसेल तर 'नाही' असं समजू नका आणि 'आहे' असंही नका, स्पेसिफिकेशन्सच बघा. दोन यूएसबी-सी पोर्टं असतील तर दोन्ही एकसारखी असतीलच असंही नाही.

मॅकबुक असेल तर पोर्टाची काळजी नाही, मॉनिटरच्या संख्येची आहे. एम१ आणि एम२ या साध्या चिपच्या मॅकबुक एअरला एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. एम३ एअरला दोन चालतात, पण झाकण मिटलेलं असेल तर. एम४ एअरपासून झाकण उघडं ठेवूनही दोन लावता येतात. प्रो आणि मॅक्स चिपला दोन किंवा अधिक. शिवाय एका डिस्प्लेपोर्ट जोडणीतून दोन मॉनिटरवर वेगवेगळं चित्र पाठवायची एमएसटी नावाची सोय मॅकओएस देत नाही. त्यामुळे विंडोजवर दोन मॉनिटर चालवणारा साधा डॉक (अनेक जोडण्यांचा मोठा हब) मॅकला लावला की दोन्हींवर तेच ते चित्र येतं. डॉक बिघडलेला नसतो, तो मॅकसाठी नसतो.

यातून डिस्प्लेलिंकची पळवाट आहे. या डॉकमध्ये चित्र साध्या यूएसबी माहितीसारखं पाठवलं जातं, त्यासाठी लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकावा लागतो. ईमेल, एक्सेल, वर्ड यांना छान चालतं. व्हिडिओ एडिटिंग आणि गेम्सना नको. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि ती चालू असताना नेटफ्लिक्ससारख्या सेवा काळी चौकट दाखवतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायची मुभा नसेल तर आयटी विभागाला विचारल्याशिवाय असा डॉक घेऊच नका.

गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी आणखी एक बघायचं. अशा लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट बऱ्याचदा थेट मोठ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं. मॉनिटर लावला की ते कार्ड कायम जागं राहतं, पंखा फिरत राहतो, लॅपटॉप गरम होतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर कोणतं पोर्ट कोणत्या कार्डाला जोडलंय त्याचं चित्र दिसतं. यूएसबी-सी आतल्या साध्या ग्राफिक्सला जोडलेलं असेल तर लिखापढीच्या कामासाठी मॉनिटर तिथे लावा.

एका केबलचं सुख आणि त्याची किंमत

यूएसबी-सी मॉनिटरला एकच केबल पुरते: चित्र जातं, लॅपटॉप चार्ज होतो, मॉनिटरच्या मागे लावलेला कीबोर्ड-माउसही चालतो. रोज लॅपटॉप उचलून ऑफिसला नेणाऱ्याने यासाठी चार पैसे जास्त मोजावेत. टेबलावर लॅपटॉप कायम पडून असेल तर एचडीएमआयचा स्वस्त मॉनिटर आणि स्वतःचा चार्जर यांनी काहीच अडत नाही.

यूएसबी-सी घेताना वॉट बघा. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॉट लिहिलं असेल तर मॉनिटरनेही ६५ वॉट द्यायला हवेत. बाजारात १५ वॉट देणारे यूएसबी-सी मॉनिटरही आहेत. त्यावर लॅपटॉप चार्ज होणार नाही. उलट १८० वॉटच्या चार्जरचा गेमिंग लॅपटॉप ६५ वॉटच्या मॉनिटरवर लावून जड काम केलं तर चार्जिंगचं चिन्ह दिसत असतानाही बॅटरी हळूहळू उतरत जाते.

डॉक किंवा हबच्या बाबतीत वॉटापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यूएसबी-सी केबल म्हणजे चार पदरी रस्ता समजा. डिस्प्लेपोर्टला चारही पदर दिले तर फोर-के ६० हर्ट्झवर सहज जातं. पण हबवर वेगवान यूएसबी पोर्टंही असतील तर दोन पदर त्यांना द्यावे लागतात आणि चित्रासाठी दोनच उरतात. लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर त्या दोन पदरांतून साडेआठ गिगाबिटच जातात, म्हणजे फोर-के पुन्हा ३० हर्ट्झवर. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर दोन पदरांतून सुमारे १३ गिगाबिट जातात आणि फोर-के ६० हर्ट्झवर जेमतेम बसतं. म्हणून हबच्या खोक्यावर ठळक 'फोर-के' लिहिलेलं असलं तरी त्याच्यापुढचा बारीक आकडा वाचायचा. तिथे '३० हर्ट्झ' असेल तर तो हब फोर-केसाठी परत ठेवायचा. क्यूएचडीसाठी तोच हब बिनदिक्कत चालेल.

काही यूएसबी-सी मॉनिटरच्या मेनूत हा वाटा ठरवायची सोय असते. 'यूएसबी-सी प्रायॉरिटायझेशन' किंवा तशाच नावाच्या पर्यायात रिझोल्यूशनला प्राधान्य द्यायचं की यूएसबीच्या वेगाला, हे निवडता येतं. फोर-के ३० हर्ट्झवर अडकलं असेल तर इथे रिझोल्यूशन निवडा. मागच्या पोर्टांचा वेग कमी होईल, कीबोर्ड-माउसला त्याने काही फरक पडत नाही.

केबलची हेळसांड करू नका. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली यूएसबी-सी केबल बहुतेक वेळा चार्जिंग आणि यूएसबी २.० एवढ्यापुरतीच असते, तिच्यातून चित्र जाण्याच्या तारा नसतातच. 'मॉनिटर सिग्नल नाही म्हणतो' या तक्रारींत सगळ्यात मोठा वाटा या केबलचा. मॉनिटरच्या खोक्यात आलेली केबलच वापरा. वेगळी घ्यायची झाली तर तिच्या वर्णनात व्हिडिओ, १० गिगाबिट किंवा अधिक वेग आणि ६० वॉटपेक्षा जास्त चार्जिंग हवं असेल तर १०० वॉट, हे तिन्ही असायला हवं. लांबी १ मीटरच्या आसपास ठेवा. एचडीएमआयची घेताना 'प्रीमियम हाय स्पीड' असं लिहिलेली, २ मीटरच्या आतली घ्या.

इंच आणि पिक्सेल: देवनागरी वाचणाऱ्यांनी वेगळा विचार करावा

आता इंचांकडे. नुसत्या इंचांना अर्थ नाही. एका इंचात किती पिक्सेल बसतात ते बघायचं. २४ इंची फुल एचडीत सुमारे ९२ पिक्सेल प्रति इंच येतात. तेच फुल एचडी २७ इंचांवर ताणलं की ८२ होतात. २७ इंची क्यूएचडीत १०९, २७ इंची फोर-केत १६३, ३२ इंची फोर-केत १३८.

इंग्रजीच्या मानाने देवनागरीला पिक्सेलांची गरज जास्त. वर्डमध्ये १०० टक्के स्केलिंग (पडद्यावरचं सगळं लहान-मोठं करायची सेटिंग) आणि १०० टक्के झूमवर ११ पॉइंटचं अक्षर साधारण १५ पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसतं. त्या १५ पिक्सेलांत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रकार हे सगळं मावायचं असतं. मूळ अक्षराच्या वाट्याला जेमतेम निम्मे येतात. 'सर्वांत' मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. 'द्ध', 'द्व' आणि 'द्य' ओळखायला वाक्याचा आधार घ्यावा लागतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' या जोड्यांत मुद्रितशोधकाची नजर चुकते ती इथेच. दिवसभर मराठी वाचणाऱ्या, भाषांतर किंवा डीटीपी करणाऱ्या माणसाने २७ इंची फुल एचडी घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त मिळो. त्यापेक्षा २४ इंची फुल एचडी बरा.

अक्षर नुसतं रेखीव असून पुरत नाही, मोठंही दिसलं पाहिजे. २४ इंची फुल एचडीवर तीच १५ पिक्सेलांची चौकट सुमारे ४.१ मिलिमीटर उंच दिसते. २७ इंची क्यूएचडीवर १०० टक्के स्केलिंगला ती ३.४ मिलिमीटरवर येते. म्हणून मोठा मॉनिटर घेऊनही अक्षरं बारीक झाल्याची तक्रार येते, विशेषतः चाळिशीचा चष्मा लागलेल्यांची. स्केलिंग १२५ टक्के केलं की ती ४.३ मिलिमीटर होते, पण कामाची जागा २०४८ × ११५२ एवढीच उरते. २७ इंची फोर-के १५० टक्क्यांवर लावला तर जागा क्यूएचडीइतकीच मिळते आणि अक्षरही तेवढंच बारीक दिसतं, मात्र त्या अक्षराला १५ ऐवजी २२ पिक्सेल मिळाल्यामुळे रफार-अनुस्वार सुटे वाचता येतात. १७५ टक्क्यांवर तो डोळ्यांना आणखी सोपा जातो. ३२ इंची फोर-के १५० टक्क्यांवर अक्षराची उंची ४ मिलिमीटरच्या थोडी वर नेतो आणि जागाही कमी होत नाही. पूर्ण दिवस वाचन-लेखन करणाऱ्यांसाठी, टेबल पुरेसं खोल असेल तर, आमची पसंती याला आहे.

मॅकवाल्यांसाठी क्यूएचडीची शिफारस करवत नाही. २०१८ च्या मोजावे आवृत्तीपासून मॅकओएसने अक्षरांच्या कडा रंगीत उपपिक्सेलांनी (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांनी) गुळगुळीत करायची पद्धत सोडली, त्यामुळे १०९ पिक्सेल प्रति इंचावर अक्षरं फिकट आणि भुरकट वाटतात. मॅकसाठी २७ इंची फोर-के घ्या आणि सेटिंग्जमध्ये २५६० × १४४० सारखं दिसेल तो पर्याय निवडा.

दुकानात तपासायचं असेल तर फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर एका पानाची मराठी पीडीएफ घेऊन जा. दुकानात चालू असलेल्या झगझगीत व्हिडिओवरून अक्षरांबद्दल काहीच कळत नाही. पीडीएफ १०० टक्के आकारात उघडा, पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहा आणि जोडाक्षरं वाचा.

किमतीचा साधारण अंदाज: २४ इंची आयपीएस (पडद्याचा एक प्रकार) फुल एचडी आठ ते बारा हजार रुपयांत, २७ इंची क्यूएचडी पंधरा ते पंचवीस हजारांत, २७ इंची फोर-के बावीस हजारांपासून पुढे. यूएसबी-सी चार्जिंग हवं असेल तर प्रत्येक पायरीवर काही हजार वाढतात.

एक मोठा की दोन छोटे? मीटिंगमध्ये सतत स्क्रीन शेअर करावी लागत असेल तर दोन साधे मॉनिटर सोयीचे. ३४ इंची अल्ट्रावाइडवरून (जास्त रुंद मॉनिटरवरून) पूर्ण पडदा शेअर केला की समोरच्याच्या १४ इंची लॅपटॉपवर अक्षरं मुंगीएवढी होतात. मग दर वेळी एकेक खिडकी निवडून शेअर करावी लागते. मोठी एक्सेल शीट किंवा व्हिडिओची टाइमलाइन असेल तर अल्ट्रावाइड उपयोगाचा.

पॅनेल

पडद्याच्या प्रकारांत कामासाठी आयपीएस. बाजूने बघितलं तरी रंग टिकतात, अक्षरं स्थिर दिसतात. व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद मिळतो, सिनेमाला छान. पण गडद पार्श्वभूमीवर मजकूर भराभर वर सरकवला की अक्षरांमागे सावली ओढली जाते. ओएलईडीवर विंडोजचा टास्कबार तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याचा ठसा उमटण्याचा धोका असतो आणि उपपिक्सेलांची मांडणी वेगळी असल्याने अनेक मॉडेलांवर बारीक अक्षरांच्या कडांना रंग दिसतो. टीएन नको.

उजळपणा २५० निट्स असला तर खिडकीपासून दूरच्या खोलीत पुरतो. मोठ्या खिडकीच्या खोलीत ३०० ते ३५० निट्स आणि मॅट पडदा घ्या. रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र बदलण्याचा वेग, ७५ किंवा १०० हर्ट्झ असेल तर स्क्रोल करताना फरक जाणवतो. नुसत्या ऑफिसच्या कामासाठी १४४ च्या मागे लागायची गरज नाही. 'फ्लिकर-फ्री', म्हणजे न लुकलुकणारा, मात्र असू द्या. मॉनिटरमधल्या स्पीकरकडे बघून निर्णय घेऊ नका.

टेबल, उंची आणि आर्म

पडद्यापासून डोळ्यांपर्यंत ५० ते ७० सेंटिमीटर अंतर हवं. २७ इंची मॉनिटरचं स्टँड साधारण २० सेंटिमीटर जागा खातं. टेबल ४५ सेंटिमीटर खोल असेल तर पडदा नाकाशी येतो आणि कीबोर्डला जागा उरत नाही. मोजपट्टी लावून टेबलाची खोली आधी मोजा. ६० सेंटिमीटरहून कमी असेल तर एकतर २४ इंची घ्या, नाहीतर भिंतीवर किंवा आर्मवर (टेबलाच्या कडेला पकडून मॉनिटर धरणाऱ्या हातावर) लावायचा विचार करा.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी थोडी खाली, नाहीतर दिवसभर हनुवटी वर करून बघावं लागतं आणि मान धरते. स्वस्त मॉनिटरचं स्टँड फक्त मागे-पुढे झुकतं, उंची बदलत नाही. त्यामुळे वेसा भोकं आहेत का ते खरेदीआधी बघा: मागच्या बाजूला १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिलिमीटरवर चार भोकं, बहुतेक वेळा एम४ स्क्रूची. काही स्वस्त आणि सडपातळ मॉडेलांना ती नसतातच आणि मग आर्म लावता येत नाही.

आर्म घेताना मॉनिटरचं वजन स्टँड सोडून किती हे बघून आर्मच्या कमाल आणि किमान अशा दोन्ही मर्यादांशी ताडून पाहा. गॅस स्प्रिंगच्या आर्मला फार हलका मॉनिटर लावला तर तो आपोआप वर जातो. आर्मच्या स्क्रूने स्प्रिंगचा ताण कमी करूनही थांबला नाही तर आर्म चुकलाय. क्लॅम्प बसायला टेबलाची कड सपाट हवी, खाली लोखंडी पट्टी किंवा ड्रॉवर नको. पार्टिकल बोर्डच्या टेबलावर क्लॅम्पखाली १० बाय १० सेंटिमीटरची लोखंडी किंवा जाड प्लायवूडची पट्टी वर-खाली दोन्हीकडे द्या, नाहीतर काही महिन्यांत बोर्ड दबून भुगा पडू लागतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नका. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर आर्मचं कोपर मागे जायला जागा मिळत नाही आणि मॉनिटर पुढेच राहतो. आर्म बाजूला वळवून बसवा.

खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला असावी. पाठीमागे असली तर पडद्यात तीच दिसते, समोर असली तर डोळे दिपतात. पाठीमागच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटचंही तेच.

वीज आणि अर्थिंग

पंखा किंवा ट्यूब चालू-बंद केली की मॉनिटर क्षणभर काळा होतो आणि पुन्हा येतो, हा प्रकार आपल्याकडच्या घरांत होतो आणि लोक मॉनिटर बदलून आणतात. स्विच दाबताना उडालेल्या ठिणगीचा विद्युत गोंधळ कमी प्रतीच्या केबलमध्ये शिरतो आणि सिग्नल क्षणभर तुटतो. गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठताना-बसतानाही असंच होतं. उपाय या क्रमाने करा: चांगल्या आवरणाची, आखूड केबल लावा, मॉनिटर आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच बोर्डावर घ्या, आणि तरीही होत राहिलं तर अर्थिंग तपासून घ्या.

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नसण्याची किंवा दोन पिनी प्लग वापरात असण्याची शक्यता मोठी. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने बघून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे, दोन-तीन व्होल्टच्या आसपास. तीन पिनी प्लगची वरची पिन काढून किंवा दोन पिनी कन्व्हर्टर लावून काम भागवू नका.

वीज वारंवार जाते तिथे लॅपटॉपला बॅटरी असतेच, यूपीएसवर फक्त मॉनिटर आणि वायफाय राउटर ठेवा. दोन्हींची भूक मिळून ४०-५० वॉट, ६०० व्हीएचा नवा यूपीएस अर्धा तास तरी ओढतो. पण यूएसबी-सी मॉनिटर त्याच वेळी लॅपटॉपही चार्ज करत असेल तर आणखी ६५ वॉटांपर्यंत भार पडतो आणि यूपीएस लवकर बसतो. अशा घरांत एक एचडीएमआय केबल जोडून ठेवा. वीज गेली की यूएसबी-सी काढून एचडीएमआयवर जा.

जोडल्यावर हे करा

१. मॉनिटर आडवा, पडदा खाली करून उशीवर किंवा त्याच्याच फोमवर ठेवा आणि स्टँड लावा. उचलताना पडद्यावर अंगठा दाबू नका, पॅनेल आतून तडकतं आणि ते वॉरंटीत येत नाही.

२. केबल जोडून मॉनिटर चालू करा. सिग्नल नसेल तर मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का बघा. विंडोजवर विंडोज आणि पी बटणं एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा.

३. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन रिझोल्यूशनच्या पर्यायांत 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा. अक्षरं मोठी करायला रिझोल्यूशन कधीही कमी करू नका, सगळा मजकूर भुरकट होतो. त्यासाठी स्केलिंग आहे.

४. त्याच पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेट बघा. ७५ किंवा १०० हर्ट्झचा मॉनिटर पुष्कळदा ६० वरच चालत असतो.

५. दोन्ही पडद्यांच्या चौकटी टेबलावर जशा आहेत तशाच ओढून लावा, वरखाली उंचीसकट. नाहीतर माउस कडेवर अडतो.

६. मॉनिटरचा उजळपणा कमी करा. कारखान्यातून तो बहुधा फारच जास्त ठेवलेला येतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. दोन्ही सारखेच उजळ वाटतील इथपर्यंत खाली आणा. संध्याकाळी पुन्हा बघा.

७. विंडोजवर स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' (अक्षरं रेखीव करायची सोय) शोधून त्याची पाच पानं पूर्ण करा. प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळं करावं लागतं. देवनागरीवर परिणाम लगेच दिसतो.

८. झाकण मिटून काम करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये चार्जर लावलेला असताना झाकण मिटल्यावर काहीच होऊ नये असं निवडा. मॅकला चार्जर, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस जोडलेले असावे लागतात. काही लॅपटॉप कीबोर्डमधून हवा खेचतात किंवा बिजागरीकडून गरम हवा सोडतात. त्यांचं झाकण थोडं उघडं ठेवलेलं बरं.

बिघडलं तर

अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसत असेल, काळा रंग राखाडी वाटत असेल तर लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजतोय. ग्राफिक्सच्या सेटिंग्जमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी आणि रेंज 'फुल' करा. खरोखरचा टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर टीव्हीच्या इनपुटचं नाव 'पीसी' करा आणि ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापून ते ताणणं) बंद करा. ते केल्याशिवाय अक्षरं स्वच्छ दिसत नाहीत.

हब लावल्यापासून बिनतारी माउस अडखळतो किंवा २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मंदावतं, याचं कारण यूएसबी ३ चा विद्युत गोंधळ नेमका त्याच पट्ट्यात पडतो. माउसचा डोंगल हबपासून दूर, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लावा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

हलत्या वस्तूंमागे उजळ कड दिसत असेल तर मॉनिटरच्या मेनूतला रिस्पॉन्स टाइम 'एक्स्ट्रीम'वरून मधल्या पायरीवर आणा. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर मॉनिटर दिसत नसेल तर केबल काढून घालण्याआधी मॉनिटरची वीज दहा सेकंद बंद करून बघा, आणि यूएसबी-सी असेल तर लॅपटॉपचं बायोस व डॉकचं फर्मवेअर अद्ययावत करा.

परतीची मुदत संपण्याआधी

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सीलपासून पहिलं चित्र येईपर्यंत. त्याच दिवशी पूर्ण पडद्यावर काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा रंग एकामागून एक लावून मृत पिक्सेल शोधा. काळ्या रंगावर खोलीतला दिवा बंद करून कडांतून गळणारा प्रकाश बघा. आयपीएसच्या कोपऱ्यात थोडी चमक असतेच, ती जागा बदलून बघितली की हलते. जागच्या जागी राहणारा पिवळसर पट्टा हा दोष. एक-दोन मृत पिक्सेलवर बहुतेक कंपन्या वॉरंटीत मॉनिटर बदलून देत नाहीत, प्रत्येकीची मर्यादा ठरलेली असते. म्हणून असा पिक्सेल दिसला तर कंपनीकडे जाण्याआधी विक्रेत्याच्या बदलीच्या मुदतीतच तक्रार नोंदवा.

बिल आणि मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर यांचे फोटो काढून ठेवा. मॉनिटर आर्मवर किंवा भिंतीवर बसला की तो स्टिकर वाचता येत नाही. खोकं आणि आतला थर्मोकोल परतीची मुदत संपेपर्यंत तरी टाकू नका, आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर माळ्यावर जपूनच ठेवा. मूव्हर्सच्या टेम्पोत मॉनिटर नेताना तो त्याच्याच खोक्यात, उभा आणि पडद्यासमोर काही टोकदार येणार नाही अशा बेताने ठेवायचा असतो.